आढाव्यात कोण आलं, कोण राहिलं? : सार्वजनिक आरोग्यातले सिस्टिमॅटिक रिव्ह्यू कसे तपासावेत

(बरगी, जि. जबलपूर इथे विदर्भ आणि महाकोशलातल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोंदियाहून रेल्वेनं आलेले, नागपूरहून बसनं आलेले आणि इथलेच मंडला-सिवनीकडचे, असे आपण तिन्ही बाजूंनी जमलो आहोत. मी मराठीत बोलणार आहे. ज्यांना अडेल त्यांनी हात वर करा, तेवढं मी हिंदीत सांगेन. विषय आधीच जड आहे, त्यात भाषेची भर नको.

काल संध्याकाळी आपण जे पाणी बघून आलो, त्याचं सरकारी नाव रानी अवंतीबाई लोधी सागर. नर्मदेवरच्या मोठ्या धरणांपैकी हे पहिलं पुरं झालेलं. काम १९७४ साली सुरू झालं, १९९० साली संपलं. १०१ गावं बुडतील असा हिशोब होता. पाणी भरलं तेव्हा बुडाली १६२. विस्थापितांना वसवण्यासाठी सरकारनंच निवडलेल्या काही जागासुद्धा पाण्याखाली गेल्या. बुडालेल्यांत गोंड आदिवासी मोठ्या संख्येनं होते. मधली ६१ गावं कुठे होती? जमिनीवर होतीच. ती हिशोबात नव्हती.

आज मला ज्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे तीही हिशोबाचीच आहे. एका प्रश्नावर जगभर झालेले अभ्यास शोधायचे, ते तपासायचे, शक्य असेल तर त्यांच्या आकड्यांची एकत्र बेरीज करायची आणि निष्कर्ष काढायचा, याला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. मराठीत पद्धतशीर आढावा म्हणू. आपल्या प्रबंधातलं दुसरं प्रकरण असतं तसला हा आढावा नव्हे. तिथे आपण सोयीचे वीस लेख निवडतो आणि मार्गदर्शकांचा एकविसावा घालतो. (हसताय, म्हणजे ओळखीचं आहे.) पद्धतशीर आढाव्यात काय शोधणार, कुठे शोधणार, काय घेणार आणि काय टाकणार हे आधी जाहीर करावं लागतं, म्हणजे दुसऱ्या कुणाला तेच काम पुन्हा करून बघता येतं. १९९३ साली कोक्रेन ही संस्था सुरू झाली, तेव्हापासून या पद्धतीला जगभर वजन आलं. लस कुणाला द्यायची, जंताची गोळी वाटायची की नाही, आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी किती वेळा जायचं, अशा निर्णयांच्या खाली आज असे आढावे असतात. आपल्या वस्तीत काय येणार आणि काय नाही, हे ठरवणारे कागद आहेत हे.

म्हणून ते वाचता आले पाहिजेत. मला एका परिसंवादात एक ज्येष्ठ प्राध्यापक अगदी प्रेमानं म्हणाले होते, ‘तुम्ही लोक अनुभव छान लिहिता, ते लिहा. आकड्यांचं आम्ही बघतो.’ ही कामाची वाटणी जुनी आहे, आणि आपण ती मान्य करायचं काही कारण नाही. बाबासाहेबांनी तरी कुठे केली होती? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. वय पंचवीस. त्याची सुरुवातीची पानं पुन्हा काढून बघा. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर, अशा चौघांच्या जातीच्या व्याख्या ते एकेक करून समोर ठेवतात. कुणाचं काय पटतं, काय पटत नाही ते सांगतात. केतकरांना त्यांचं श्रेय देतात. मग दाखवतात की मधला मुद्दा सगळ्यांच्याच हातून निसटला आहे. चारही अभ्यासांत जे नाही ते शोधणं, हे आढाव्याचं सर्वांत अवघड काम. ते तिथे झालेलं आहे, आणि आकस न ठेवता झालेलं आहे.

आता हत्यारांकडे येऊ. आढाव्याचा दर्जा तपासायला बऱ्याच प्रश्नावल्या आहेत. सध्या जास्त चालते ती अ‍ॅमस्टार-२, ती २०१७ साली आली. तिच्यात १६ प्रश्न आहेत, त्यातले सात कळीचे. आढाव्याचा आराखडा आधी नोंदवला होता का? शोध पुरेसा होता का? वगळलेल्या अभ्यासांची यादी कारणांसह दिली आहे का? घेतलेल्या प्रत्येक अभ्यासात पूर्वग्रहाचा, म्हणजे बायसचा, धोका किती ते पाहिलं का? आकडे एकत्र करण्याची रीत बरोबर होती का? निष्कर्ष लिहिताना त्या धोक्याची आठवण ठेवली का? आणि निकाल मनासारखा न आल्यामुळे छापलेच न गेलेले अभ्यास असतील, याचा विचार केला का? यांतल्या एका प्रश्नावर आढावा नापास झाला तर त्याच्यावरचा विश्वास ‘कमी’, एकाहून जास्त प्रश्नांवर झाला तर ‘अत्यंत कमी’. सोळापैकी बारा गुण, म्हणजे फर्स्ट क्लास, असा हिशोब करू नका. बेरीज करू नये असं ती बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलं आहे, तरी लोक करतात. आपल्या देशात टक्केवारीची सवय जाता जात नाही.

सातांपैकी मी एकावरच थांबते, वगळलेल्यांच्या यादीवर. आढाव्यात एक आकृती असते. वरच्या चौकटीत सापडलेले हजारो लेख, मग गाळत गाळत खालच्या चौकटीत उरलेले पंधरा-वीस. सगळे वाचक खालची चौकट वाचतात. तुम्ही आधी बाजूच्या चौकटी वाचा. नुसती शीर्षकं पाहून जे गाळले त्यांचं सोडा. पण पूर्ण लेख वाचून मग जे बाहेर काढले, त्यांची नावं आणि कारणं पुरवणीत असायला हवीत. नसतील तर लेखकांनी काय टाकलं हे तुम्हाला तपासताच येत नाही. असतील तर कारणं वाचा: ‘इंग्रजीत नाही’, ‘तुलनेचा गट नाही’, ‘नियतकालिकात छापलेला नाही’. प्रत्येक कारण शास्त्रीय वाटतं, आणि पुष्कळदा ते असतंही. पण कुणाचं लेखन कोणत्या कारणानं जास्त गळतं हे मोजायला कुणी बंदी केलेली नाही.

एक उदाहरण घ्या. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या गावांत दलित मुलांना आरोग्यसेवा मिळताना होणारा भेदभाव अभ्यासला. औषध हातात देतात की लांबून टाकतात, तपासताना अंगाला हात लावतात की नाही, घरात येतात की दारातूनच परततात, इथपर्यंत. २०१० साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ दलित स्टडीज आणि युनिसेफच्या मालिकेत तो कार्यपत्र म्हणून निघाला. कार्यपत्र म्हणजे वैद्यकीय नियतकालिकातला लेख नव्हे. ज्या आढाव्यानं फक्त वैद्यकीय लेखांच्या सूचीत शोध घेतला त्याला तो दिसण्याची शक्यता फार कमी. अ‍ॅमस्टार-२ इथे आपल्या बाजूनं आहे. किमान दोन सूची, आणि पूर्ण ‘हो’ हवं असेल तर अहवाल, प्रबंध, कार्यपत्रं असं अप्रकाशित किंवा अर्धप्रकाशित साहित्यही शोधावं, अशी तिची अपेक्षा आहे. तेव्हा एखाद्या आढाव्यानं ते केलं नसेल तर ‘आमचा अनुभव का घेतला नाही’ असं म्हणत बसू नका. ‘चौथ्या प्रश्नावर तुमचा आढावा पूर्ण उतरत नाही’ असं म्हणा. त्याला उत्तर द्यावं लागतं.

शोधशब्दांचंही तेच. भारतातल्या आरोग्यावरच्या लेखांत जात हा शब्द वेश बदलून फिरतो. कुठे ‘शेड्यूल्ड ट्राइब’, कुठे नुसतं ‘ट्रायबल’, कुठे ‘इंडिजिनस’, ‘बॅकवर्ड’, ‘मार्जिनलाइज्ड’, आणि सर्वांत जास्त वेळा ‘सामाजिक-आर्थिक स्तर’. एकच ‘कास्ट’ शब्द टाकून शोधणाऱ्याला अर्धे लेख दिसत नाहीत, आणि मग तो लिहितो की या विषयावर फारसं साहित्य नाही. समतेच्या बाजूनं आढावे तपासायलासुद्धा एक यादी आहे, प्रोग्रेस नावाची: राहण्याची जागा, वंश-भाषा-संस्कृती, व्यवसाय, लिंग, धर्म, शिक्षण, आर्थिक स्थिती, सामाजिक भांडवल. चांगली यादी आहे. जातीला तिच्यात स्वतःचा रकाना नाही. ती वंशात घाला, व्यवसायात घाला, आर्थिक स्थितीत घाला, कुठेही थोडीथोडी मावते आणि कुठेच पूर्ण दिसत नाही.

आता थोडं लांबचं पण मोठं उदाहरण देते, उत्तर प्रदेशातलं. लहान मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस दिला तर बालमृत्यू सुमारे २४ टक्क्यांनी कमी होतात, असं जुन्या अभ्यासांची बेरीज सांगत होती. मग डेव्हटा नावाचा प्रयोग झाला. ७२ ब्लॉक, आठ हजारांवर अंगणवाड्या, सुमारे दहा लाख मुलं. कोणत्या ब्लॉकला डोस द्यायचा आणि कोणत्याला नाही, याची चिठ्ठी ऑक्सफर्डमध्ये निघाली. निकाल लान्सेटमध्ये छापून आला २०१३ साली, म्हणजे गावातलं काम संपून कितीतरी वर्षांनी. मृत्यूतला फरक निघाला जेमतेम ४ टक्के, आणि तोही नक्की म्हणता येणार नाही असा. इतका मोठा अभ्यास बेरजेत आला की सगळं पारडं कलतं. २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात मुख्य आकडा १२ टक्क्यांवर आला.

इथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. निकाल उशिरा छापला गेला तर मधल्या काळातले सगळे आढावे त्याच्याविनाच लिहिले जातात, ही एक. दुसरी आपल्या जास्त कामाची. डेव्हटानं सांगितलं की डोस अंदाजे ८६ टक्के मुलांपर्यंत पोहोचला. काही जाणत्या संशोधकांनी लान्सेटमध्येच पत्र लिहून यावर शंका घेतली, की त्या काळातल्या तिथल्या अंगणवाड्यांची अवस्था पाहता हे कसं शक्य आहे? आता याच्या शेजारी दुसरं पुस्तक ठेवा: घनश्याम शाह, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे, अमिता बाविस्कर यांचं ‘अनटचेबिलिटी इन रूरल इंडिया’, २००६. ११ राज्यांतल्या ५६५ गावांचं सर्वेक्षण. त्यातल्या ३३ टक्के गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जात नव्हते.

डेव्हटाच्या ब्लॉकमध्ये असंच घडलं, असं मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही, आणि पुरावा नसताना बोलायचं नसेल तरच या विषयाला हात घालावा. मी एवढंच म्हणते, की प्रयोगाचा दर्जा तपासताना चिठ्ठ्या नीट काढल्या का, कुणाला कोणता गट मिळाला ते झाकून ठेवलं का, मध्येच किती मुलं गळाली, हे विचारलं जातं. अंगणवाडी गावाच्या कोणत्या टोकाला होती आणि तिथे कोणत्या टोल्यातली मुलं येत होती, हा प्रश्न त्या यादीत नाही. औषध कुचकामी आहे आणि औषध पोहोचलंच नाही, या दोन गोष्टी बेरजेत सारख्याच दिसतात. ज्या देशात पोहोचणं जातीवर ठरतं तिथे हा प्रश्न समाजशास्त्राचा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. तो आकड्याच्या खरेखोटेपणाचा प्रश्न आहे.

आता पुन्हा बरगी. धरण झाल्यावर इथे हिवतापाचं काय झालं? यावर अभ्यास आहे. नीरू सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जबलपुरातून तो केला, आणि १९९९ साली उष्णकटिबंधीय रोगांवरच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात तो छापला गेला. जलाशयाजवळच्या गावांत हिवताप वाढल्याचं त्यांनी दाखवलं. अशा एकेका धरणाच्या अभ्यासांवरच मोठे आढावे उभे राहतात. २००५ साली जेनिफर कायझर आणि सहकाऱ्यांनी जगभरातली धरणं, कालवे आणि हिवताप यांचा पद्धतशीर आढावा घेतला. मोठ्या धरणांजवळ राहून हिवतापाच्या धोक्यात असलेल्या माणसांचा त्यांचा अंदाज होता १ कोटी ८३ लाख. आणि एखाद्या प्रकल्पानं हिवताप वाढेल की नाही हे तिथल्या परिस्थितीवर ठरतं, असंही त्यांनी सांगितलं: रोगाची स्थानिक स्थिती, सामाजिक-आर्थिक घटक, डासांचा बंदोबस्त, लोक उपचाराला कुठे जातात ते.

आज हा आढावा अ‍ॅमस्टार-२ वर घासला तर आराखडा नोंदवण्याच्या प्रश्नावर तो पडेल. पण आढाव्यांचे आराखडे नोंदवण्याची प्रॉस्पेरो ही वही सुरू झाली २०११ साली. २००५ च्या लेखकांनी नोंदवायचं कुठे? म्हणून हत्यार वापरताना साल बघा. ‘अत्यंत कमी विश्वास’ हा शिक्का म्हणजे आढावा खोटा आहे असा निकाल नव्हे. त्यातलं किती तपासता येतं, एवढंच तो सांगतो.

दुसरी अडचण पुराव्याच्या उतरंडीची. वर चिठ्ठ्या टाकून केलेले प्रयोग, खाली निरीक्षणं. पण चिठ्ठी टाकून कुणी धरण बांधत नाही. धरणाचा पुरावा नेहमी खालच्या पायरीवरचाच असणार: आधीचं आणि नंतरचं, जवळचं आणि लांबचं गाव. ज्यांच्यावर धरणं, खाणी, अभयारण्यं येतात त्यांच्या दुखण्याचा पुरावा या उतरंडीत कायमच ‘कमी दर्जाचा’ ठरतो, आणि अहवालात शेवटी वाक्य येतं की पुरावा संमिश्र आहे, अधिक संशोधनाची गरज आहे. उतरंड हा शब्द उच्चारताना आपल्या मनात दुसरंही काही येतं, ते तूर्त राहू दे. निरीक्षणाच्या अभ्यासात खोट असू शकते हे खरंच आहे. पण चांगलं निरीक्षण आणि वाईट निरीक्षण यांत फरक करता येतो, आणि चांगला आढावा तो करून दाखवतो. दोन्ही एकाच गोणीत भरणारा आढावा आळशी समजावा.

आणि तिसरी गोष्ट, जी मला समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘जलाशयाजवळचं गाव’ हा तक्त्यात एक रकाना असतो. पाण्यापासून अंतर इतके किलोमीटर. पण पाण्याजवळ कोण राहतं? गाव बुडालं तेव्हा ज्यांना दुसरीकडे जमीन मिळाली नाही ते वरच्या टेकाडावर सरकले. पाणी उतरलं की उघडी पडणारी गाळाची जमीन कसता येते, मासे मिळतात, म्हणून काठ सोडवत नाही. तिथेच उतरत्या पाण्याची डबकी, तिथेच डास, आणि दवाखान्याचा रस्ता पाण्याखाली. म्हणजे ते अंतर नुसतं अंतर नाही, विस्थापनाचा सगळा इतिहास त्या एका आकड्यात बसला आहे. संशोधक पुढे ‘सामाजिक-आर्थिक घटक वजा करून’ धरणाचा परिणाम काढायला बसला तर तो धरणानंच केलेली गरिबी वजा करत असतो. हे चुकीचं गणित आहे, आणि हे त्याला सांगायला सांख्यिकीबरोबर इथला माणूसही समजलेला असावा लागतो. याच जलाशयाच्या काठी, मंडल्यातल्या चुटका इथे, अणुवीज प्रकल्प यायचा आहे, आणि बरगीनं एकदा उठवलेल्या माणसांपुढे पुन्हा उठण्याची वेळ आहे. त्या वेळी आरोग्यावरचे जे आढावे टेबलावर येतील ते कोण वाचणार?

आता थोडं आपल्या बाजूचं. हत्यार घ्यायचं तर ते दोन्हीकडे चालवावं लागतं. २०१८ च्या यूएन विमेनच्या अहवालातला एक आकडा आपल्या सगळ्या भाषणांत येतो: दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा १४.६ वर्षं कमी जगते. मूळ आकडा आहे मृत्यूच्या वेळच्या सरासरी वयाचा, ३९.५ आणि ५४.१. त्याला आयुर्मान म्हणता येत नाही. समजा दोन वस्त्यांत प्रत्येक वयात मरण्याचा धोका अगदी सारखा आहे, पण एकीत मुलं जास्त आणि म्हातारे कमी. तर त्या वस्तीत मरणाऱ्यांचं सरासरी वय आपोआप कमी येईल. हा फरक माहीत असलेला विरोधक तुम्हाला एका मिनिटात गप्प करेल, आणि मग तुमच्या बाकीच्या नऊ खऱ्या गोष्टीही कुणी ऐकणार नाही.

त्यापेक्षा संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांचा २०२२ चा अभ्यास वापरा. नऊ राज्यं, त्यात मध्य प्रदेशही, सुमारे दोन कोटी माणसांची नोंद. उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून जास्त कमी, दलितांचं तीन वर्षांहून जास्त कमी, मुसलमानांचं सुमारे एक वर्षानं कमी. आणि या फरकाचा निम्म्याहूनही कमी भाग गरिबीनं समजावता येतो. आकडा लहान आहे, पण तो उलटतपासणीत टिकतो. शिवाय ‘हे जातीचं नाही हो, गरिबीचं आहे’ या वाक्याला त्यात उत्तर आहे.

मार्गदर्शक हल्ली सांगतात, फील्डवर्कला पैसे नाहीत, एखादा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करून टाक. करा, पण करून टाकू नका. असे आढावे आता ढिगानं निघतात. २०१६ साली जॉन इओअनिडिस यांनी या ढिगाबद्दल सडकून लिहिलं होतं, की त्यातले बरेच अनावश्यक आहेत किंवा दिशाभूल करणारे. आपल्याला तो ढीग वाढवायचा नाही. एकट्यानं तर करूच नका, नियमानुसारही निवड दोघांनी स्वतंत्रपणे करायची असते. तो दुसरा माणूस आपल्यातलाच शोधा. एक नागपूरचा, एक मंडल्याची, असं चालेल.

उद्या सकाळी नऊला चौघाचौघांचे गट करू. प्रत्येक गटाला एक आढावा छापून मिळेल, पुरवणीसकट. सोळा प्रश्न भरा, प्रत्येक उत्तराशेजारी पान क्रमांक लिहा, नुसतं ‘नाही’ चालणार नाही. सतरावा रकाना कोरा ठेवला आहे. त्यात लिहायचं, की घेतलेल्या अभ्यासांपैकी किती अभ्यासांनी जात किंवा जमात नोंदवली होती, आणि नोंदवलेली माहिती आढाव्याच्या तक्त्यापर्यंत पोहोचली का. नेटवर्क इथे बेभरवशाचं आहे, तेव्हा पीडीएफ आज रात्रीच उतरवून घ्या. आता प्रश्न विचारा.